एका अक्षराचा फरक : क्षयजंतू औषधाला का जुमानत नाहीत?

मध्य रेल्वेवरील दिवा जंक्शन हे ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर आहे. हवेवाटे पसरणारा क्षयरोग अशा दाटीच्या, कोंदट खोल्यांच्या वस्तीत सहज पाय रोवतो. औषध मध्येच सोडू नये, ही सूचना येथील रहिवाशांना नवी नाही. तीमागील कारण मात्र क्वचितच समजावून सांगितले जाते.

जिवाणूस जगण्यासाठी अखंड प्रथिने तयार करावी लागतात. हे कार्य रायबोसोम नावाच्या अतिसूक्ष्म यंत्रावर चालते. जनुकातील मजकुराची नक्कल तेथे येते आणि तिच्यातील तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनुसार अमिनो आम्ले एकामागून एक जोडली जातात. ती वाहून आणणाऱ्या आरएनएला रायबोसोमपर्यंत पोचविणारा प्रथिन-घटक म्हणजे 'ईएफ-टीयू' होय. आलेला माल योग्य की अयोग्य, याची पारख रायबोसोमच्या लहान भागात होते व तीत एस-१२ या प्रथिनाचा मोठा वाटा असतो.

१९४३ साली शोधले गेलेले स्ट्रेप्टोमायसीन नेमके येथेच, एस-१२ ला लागून चिकटते. (पुढे हे औषध आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही तयार होऊ लागले.) ते चिकटताच पारख ढिली होते, चुकीची अमिनो आम्ले स्वीकारली जातात व जिवाणू मरतो. चिदंबरम येथे जन्मलेले शास्त्रज्ञ वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने २००० साली ही रचना अणूंच्या पातळीवर दाखविली; रायबोसोमवरील संशोधनासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तथापि १९४८ च्या ब्रिटिश चाचणीतच दिसून आले, की हे एकच औषध दिल्यास रुग्ण आरंभी सुधारतो. पण काही महिन्यांतच अनेकांच्या थुंकीत औषधाला दाद न देणारे जंतू आढळतात. क्षयजंतूच्या एस-१२ मध्ये १२४ अमिनो आम्ले असतात. त्यांतील ४३ व्या स्थानी जनुकाचे एकच अक्षर बदलले, की लायसिनऐवजी आर्जिनिन येते आणि स्ट्रेप्टोमायसीनची पकड सुटते. असे बदल औषध घडवीत नाही. ते आपोआप घडतात. औषध केवळ इतर जंतूंना मारून बदललेल्यांसाठी रान मोकळे करते.

बदलाची किंमत जंतूला मोजावी लागते काय? कित्येकदा लागते. एस-१२ मधील काही बदलांनी पारख फाजील कडक होते, ईएफ-टीयूने आणलेला योग्य मालही परत जातो व प्रथिननिर्मिती मंदावते. काही जिवाणू तर असे निपजले, की स्ट्रेप्टोमायसीनवाचून त्यांची वाढच होईना! ४३ व्या स्थानावरील आर्जिनिन मात्र जवळजवळ फुकटात पडते. रुग्णांमध्ये तेच वारंवार आढळते, यात नवल नाही.

हे स्थान बदललेला जंतू आयसोनियाझिड किंवा रिफाम्पिसिनने मात्र मरू शकतो, कारण त्यांचे घाव अन्यत्र बसतात. नेहमीच्या क्षयासाठी आज पहिले दोन महिने चार व पुढील चार महिने तीन औषधे एकत्र दिली जातात, ती याच हिशेबाने. औषधरोधक क्षयासाठी वापरले जाणारे लिनेझोलिड रायबोसोमच्याच मोठ्या भागावर बसते. तेथील एल-३ या प्रथिनाच्या १५४ व्या स्थानी सिस्टीनऐवजी आर्जिनिन आले, की तेही निष्प्रभ ठरते.