विजेची होडी आणि परतीची वाट

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांच्या डोंगराळ मुलखात आषाढ-श्रावणात पाण्याचा असा अखंड वर्षाव होतो की, ओहोळ, नाले आणि नद्या एकमेकींत मिसळून जातात. आणि तरीही होळी सरते न सरते तोच पाड्यापाड्यांवरील आयाबाया हंडे-कळशा घेऊन आटत चाललेल्या विहिरींची वाट तुडवू लागतात. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा याच भागातून वाहते. मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ शंभर मीटरांहून अधिक उंचीच्या मध्य वैतरणा धरणाने तिला अडविले आहे, आणि तिचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. जव्हार शहर स्वतः जयसागर धरणाच्या पाण्यावर जगते. ज्या प्रदेशात पाण्याला इतके मोल आहे, त्या प्रदेशातील जलाशयावर निव्वळ करमणुकीसाठी पेट्रोलचे इंजिन फिरवून तेलाचा तवंग सोडणे मला कधीही रुचले नाही. म्हणूनच होडीच्या मागच्या फळीला अडकवावयाची, धूर न सोडणारी आणि पाणपक्ष्यांना न उठविणारी विजेची आउटबोर्ड मोटर आमच्या भागात येऊ लागली, तेव्हा तिचे मी मनःपूर्वक स्वागत केले. ते स्वागत आजही कायम आहे. परंतु एका प्रसंगाने जे शिकविले, ते या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या तरुणांपर्यंत पोचविणे मी माझे कर्तव्य समजतो.

ही कल्पना नवी नाही. गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने १८८१ साली पॅरिसमध्ये सीन नदीवर, होडीला बसविता आणि काढता येईल अशी विजेची मोटर चालवून दाखविली होती. ओले एव्हिनरूडचे पेट्रोलवर चालणारे प्रसिद्ध आउटबोर्ड इंजिन त्यानंतर सुमारे पाव शतकाने, १९०९ च्या सुमारास बाजारात आले. म्हणजे वीज आधी आली आणि पेट्रोल मागाहून. तरीही पुढचे शतक पेट्रोलने जिंकले, याचे कारण मोटरीत नसून बॅटरीत होते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा साठविलेली असते. लहान इंजिन तिच्यातील पाचवा हिस्सा जरी पंख्यापर्यंत पोचवीत असले, तरी ती पावणेदोन युनिटांच्या घरात जाते. उलट, बारा व्होल्ट आणि शंभर अँपिअर-तास क्षमतेची, पाऊण मणाच्या आसपास वजन भरणारी शिशाची बॅटरी, तिच्या आयुष्याला धक्का न लावता वापरावयाची तर, जेमतेम अर्धा-पाऊण युनिट देते. आपण एवढी अवजड पेटी उचलून होडीत ठेवतो, तेव्हा वस्तुतः सुमारे पाव लिटर पेट्रोलची शक्ती बरोबर घेत असतो, हे ज्याने मनावर बिंबविले त्याला पुढचे बहुतेक धोके टाळता येतील.

प्रसंग असा घडला. माझ्या भाच्याने जव्हार तालुक्यातील एका लहान पाटबंधारे तलावाच्या काठी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. त्याने रीतसर परवानगी काढून बारा फुटी फायबरची होडी आणली, आणि शहरातील एका दुकानदाराकडून बारा व्होल्टची, पंचावन्न पौंड रेट्याची मोटर, बॅटरी व जोडणीसह विकत घेतली. एकदा बॅटरी भरली की होडी तीन तास आरामात चालेल, असे त्या दुकानदाराने निःशंकपणे सांगितले होते. वैशाखातील एका दुपारी भाचा, त्याची दोन मुले आणि मी, असे चौघे पलीकडच्या काठावरील देवराई पाहावयास निघालो. होडी सोडताना तलावात जाळी टाकणारे पाड्यावरील एक वृद्ध गृहस्थ पुढे आले, आपली बांबूची दोन वल्ही त्यांनी होडीत ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, वल्ही असू द्या बरोबर. दुपार कलली की वारा उलटा फिरतो; मग मशीनीचा काही भरवसा नाही."

जाताना पाणी आरशासारखे स्तब्ध होते. परतताना मात्र पश्चिमेचा वारा उठला, लाटा होडीच्या नाकावर आपटू लागल्या, आणि भाच्याने मोटर पूर्ण वेगावर नेली. पाचदहा मिनिटांतच जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. पुढच्या बाजूस ठेवलेल्या बॅटरीकडून मागे येणाऱ्या वायरीला हात लावला, तो ती चटका बसण्याइतकी तापली होती. टर्मिनलजवळचे तिचे लाल वेष्टण मऊ होऊन तांब्याच्या तारा उघड्या पडल्या होत्या. वाटेत फ्यूज नव्हता आणि वीज तोडण्याचा खटकाही नव्हता. भाच्याने खांद्यावरील पंच्याची घडी हाताला गुंडाळून टर्मिनलवरचा चिमटा ओढून काढला. मोटर थांबली, होडी आडवी झाली आणि वाऱ्याबरोबर वाहू लागली. मुलांच्या अंगावर जाकिटे घट्ट बांधलेली होती आणि ती वल्ही जवळ होती, म्हणून आम्ही धक्क्याचा हट्ट न धरता वाऱ्याच्या दिशेने जवळचा काठ गाठला आणि तेथून पायवाटेने घरी आलो. कोणालाही इजा झाली नाही. परंतु ते वृद्ध गृहस्थ काठावर नसते तर काय झाले असते, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती जोडणी उलगडून पाहिली, तेव्हा दोष स्पष्ट दिसला. होडीचा तोल राहावा म्हणून बॅटरी पुढे ठेवणे योग्यच होते. चालविणारा माणूस, मोटर आणि बॅटरी ही तिन्ही ओझी मागे आली तर मागची फळी पाण्यात दबते आणि लाट आत येते. परंतु बॅटरी पुढे गेली की वायर लांबते, आणि लांबलेली वायर त्या प्रमाणात जाडही हवी. येथे घराच्या प्लगला वापरतात ती अडीच स्क्वेअरची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची, वायर लावलेली होती. पंचावन्न पौंडांची मोटर पूर्ण वेगावर सुमारे पन्नास अँपिअर ओढते. जाऊन येऊन सहा मीटर लांबीच्या त्या वायरीत दोन व्होल्टहून अधिक दाब गळतो आणि शंभर वॉटच्या आसपास शक्तीची निव्वळ उष्णता होते, म्हणजे बॅटरीतून निघालेल्या शक्तीचा सहावा हिस्सा होडी न ढकलता वायर तापविण्यात खर्च पडतो. तीच वायर सोळा स्क्वेअरची असती, तर तोटा सोळा वॉटवर आला असता. म्हणून विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता वायरीवर छापलेला आकडा स्वतः वाचावा. टोकांना चिमटे न लावता दाबून बसविलेले लग नटबोल्टने आवळावेत. आणि धन टर्मिनलपासून एका वितीच्या आत मोटरीच्या कमाल ओढीहून किंचित अधिक क्षमतेचा, अशा मोटरीस साठ अँपिअरचा, फ्यूज किंवा ब्रेकर अवश्य बसवावा. या एका वस्तूच्या अभावी चार माणसांच्या पायांखाली आग लागू शकते.

'तीन तास' या आश्वासनाची छाननी केली तेव्हा दुसरी गोष्ट उघडकीस आली. शिशाच्या बॅटरीवरील शंभर अँपिअर-तास हा आकडा, ती वीस तास मंदगतीने, म्हणजे पाच अँपिअरने, रिती केली असता मिळणारा असतो. पन्नास अँपिअरने ओढली तर तीच बॅटरी साठ-पासष्टांच्या पुढे क्वचितच जाते. आणि निम्म्याहून अधिक रिकामी करू नये हा नियम पाळावयाचा तर पूर्ण वेगाचा प्रवास पाऊण तासाच्या आतच आटोपावा लागतो. मोटारगाडीची बॅटरी तर या कामी मुळीच घेऊ नये. ती क्षणभर मोठा झटका देण्यासाठी घडविलेली असते, आणि वारंवार खोलवर रिती केल्यास अल्पावधीत निकामी होते. ऐपत असेल त्याने लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्यावी. ती वजनाने निम्म्याहूनही हलकी असते आणि तिच्यातील बहुतेक साठा वापरता येतो. पण तिचाही एक स्वभाव ध्यानात ठेवावा: शिशाची बॅटरी संपत आली की मोटर मंदावून इशारा देते, तर लिथियमचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो आणि आतील संरक्षक यंत्रणा एकाएकी प्रवाह तोडते. अशा बॅटरीचा अंदाज व्होल्टच्या काट्यावरून बांधता येत नाही. आत किती आले आणि बाहेर किती गेले याची नोंद ठेवणारे अँपिअर-तासाचे मीटर तिच्याबरोबर हवेच. आणि शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो, तेव्हा ती बंद खोलीत किंवा चुलीशेजारी कदापि भरू नये.

या सर्व हिशेबाचे सार एका नियमात सांगता येते. वापरण्याजोग्या साठ्याचे तीन समान भाग कल्पावेत. एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक अडीअडचणीसाठी. पहिला भाग संपताच, देवराई कितीही जवळ दिसत असली तरी, होडी फिरवावी. शक्यतो प्रथम वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे थकलेल्या बॅटरीला परतताना वाऱ्याचे साहाय्य मिळते. आमच्या डोंगरांत उन्हाळ्यात सकाळ शांत आणि दुपारनंतर वारा, असा क्रम बहुधा असल्यामुळे पाहुण्यांना फिरविण्याचे काम सकाळीच उरकावे. वेगाचा मोहही आवरावा. होडी पाण्यात रुतून चालते तेव्हा वेग दुप्पट करण्यास सुमारे आठपट शक्ती लागते, म्हणून वेग निम्मा केला तर तेवढेच अंतर चौथाई ऊर्जेत कापले जाते. जो संथ चालतो तो दूर जातो आणि परतही येतो.

पाण्याखाली काय आहे, याचीही खातरजमा करावी. धरणाखाली बुडालेल्या शेतांचे दगडी बांध आणि झाडांची खोडे वैशाखात पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर येतात, आणि त्यांवर पंखा आदळला की मोडतो. जादा पंखा, त्याची पिन आणि पक्कड एका पिशवीत घालून होडीला बांधून ठेवावी. त्याहून महत्त्वाची गोष्ट जाळ्यांची. आमच्या तलावांत रबरी ट्यूबवर बसून मासेमारी करणारी जी माणसे आहेत, त्यांचे नायलॉनचे जाळे पंख्यात गुंडाळले तर होडी अडकते खरी, पण त्यांच्या घरची चूलही अडकते. निघण्यापूर्वी जाळी कोठे टाकली आहेत हे त्यांना विचारावे, आणि ती जागा दुरून वळसा घालून टाळावी. तलावाचे ज्ञान कोणत्याही नकाशापेक्षा त्यांच्यापाशी अधिक असते, हे आमच्या बाबतीत त्या दोन वल्ह्यांनीच सिद्ध केले.

परवान्याबाबत थोडक्यात सांगतो. विजेची मोटर निःशब्द असते, म्हणून तिला परवानगीची गरज नाही, असा समज आढळतो. तो निराधार आहे. ज्या खात्याच्या किंवा महापालिकेच्या ताब्यात जलाशय असेल, त्याच्या कचेरीत अर्ज रुजू करून लेखी हुकूम हाती पडल्यावाचून होडी पाण्यात सोडू नये. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यात यांत्रिक नौकांची तपासणी आणि नोंदणी यांची तरतूद आहे. आपली होडी तिच्या कक्षेत कशी येते, हे आधीच विचारून घ्यावे. सांडव्याजवळ किंवा धरणाच्या भिंतीजवळ परवानगी असली तरी जाऊ नये, आणि पावसाळ्यात होडी काठावर पालथी घालून ठेवावी.

एवढी भीती सांगून मी कोणाला परावृत्त करू इच्छितो, असे समजू नये. केरळात वायकोमच्या पाण्यावर जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' ही पंचाहत्तर प्रवाशांची सौरनौका धावते आहे, आणि कोचीत २०२३ पासून जलमेट्रोच्या विजेच्या बोटी चालतात. त्यांचा मार्ग ठरलेला आहे, अंतर मोजलेले आहे, बॅटरी कोठे आणि केव्हा भरावयाची याची तजवीज आधीच केलेली आहे, आणि म्हणूनच त्या रोज सुखरूप परत येतात. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या वाटेला लागणाऱ्या आमच्या तरुणांपैकी काहींना दाभोसाचा धबधबा आणि सूर्यमाळचे डोंगर पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांना आपल्याच गावच्या पाण्यावर फिरवून घरची भाकरी मिळत असेल, तर त्याहून इष्ट काय असू शकेल? मात्र एक दुर्घटना घडली की तो तलाव सर्वांना बंद होईल, आणि पहिल्यांदा पोट मारले जाईल ते त्यांचेच. म्हणून मोटर घेताना किती वेगाने जाईल हे न विचारता, भरलेल्या होडीला समोरचा वारा असताना ती किती अंतरावरून परत आणील, हे विचारा. विक्रेत्याला त्याचे उत्तर आकड्यांत देता येत नसेल तर दुसरे दुकान गाठा. आणि उत्तर मिळाले तरी, पहिला पाहुणा होडीत बसविण्यापूर्वी, चार माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरून, काठाकाठाने, दुपारच्या वाऱ्यात ते स्वतः पडताळून पाहा.