तळ्याचे हिरवे पाणी आणि मोरचुदाची घाई

पावसाळा सरून ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली, की गावोगावच्या तळ्यांवर हिरवा थर दिसू लागतो. मग दवाखान्यात दोन तऱ्हेची मंडळी भेटतात. एक म्हणतात, "डॉक्टरसाहेब, शेवाळच तर आहे, आमच्या आजोबांनी हेच पाणी प्यायले." दुसरे म्हणतात, "पोतेभर मोरचूद टाकले की काम झाले." मला या दोघांचेही म्हणणे पटत नाही.

आधी ओळख करून घेऊ. पाण्यावरचे सगळे हिरवे म्हणजे शेवाळ नव्हे. फुगीर देठांची, जांभळ्या फुलांची जलपर्णी ही वनस्पती आहे. टिकलीएवढ्या पानांचा थर असतो, तीही वनस्पतीच. शेवाळाला मूळ नसते आणि पानही नसते. एक लांब काठी पाण्यात फिरवून बाहेर काढावी. केसांच्या गुंत्यासारखे धागे तिला गुंडाळून आले, तर ते साधे तंतुमय शेवाळ. दिसायला ओंगळ, पण सहसा निरुपद्रवी. काठीला हिरवा ऑइलपेंट फासल्यासारखा दिसला किंवा काठाशी निळसर-हिरवी साय जमली असेल, तर मात्र ते नीलहरित शेवाळ समजावे. नावाने शेवाळ असले तरी ते जिवाणूंच्या जातीचे आहे. अजून शंका असेल तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून काचेच्या बरणीत पाऊण भाग पाणी घ्यावे आणि रात्रभर न हलवता ठेवावे. हिरवा भाग तळाला बसला तर बहुधा साधे शेवाळ, वर तरंगला तर बहुधा नीलहरित. विष आहे की नाही हे बरणी सांगत नाही, ते प्रयोगशाळेतच कळते. तोवर ते विषारीच मानून वागावे.

ही भीती उगाच नाही. यातील काही जाती यकृतावर, तर काही मज्जासंस्थेवर घाव घालणारी विषे तयार करतात. ऑस्ट्रेलियातील एका सरोवराची साय पिऊन गुरेमेंढरे मेल्याचे जॉर्ज फ्रान्सिस यांनी 1878 सालीच लिहून ठेवले आहे. 2020 मध्ये आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात तीनशेहून अधिक हत्ती मेले, त्याचे कारण तेथील सरकारने हेच सांगितले. 1996 मध्ये ब्राझीलच्या कारुआरू गावात डायलिसिसच्या पाण्यातून हे विष रुग्णांच्या रक्तात गेले आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली.

आपल्या भगिनींचा ठाम विश्वास असतो, की पाणी उकळले म्हणजे सर्व दोष गेले. जंतूंच्या बाबतीत ते खरे आहे. हे विष मात्र उकळून नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात अधिक उतरते. तुरटी फिरवूनही पाण्यात उतरलेले विष जात नाही. असे पाणी प्यायला, स्वयंपाकाला वापरू नये हाच उपाय.

आता मोरचूद. 1979 साली ऑस्ट्रेलियाच्या पाम बेटावर पिण्याच्या पाण्याच्या धरणात शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकले. त्यानंतर काही दिवसांत 148 जण आजारी पडले, त्यांत बहुतेक मुले! शेवाळ मेले, पण मरताना पोटातले सारे विष पाण्यात सोडून गेले. शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात, ते वेगळेच.

खरा इलाज शेवाळाचे अन्न तोडण्याचा. हे अन्न म्हणजे मुख्यतः फॉस्फरस आणि नत्र. सांडपाण्याचे गटार, गुरे धुणे, साबणाचे धुणे, शेतातून वाहून येणारे खत आणि आपण भक्तिभावाने सोडलेले निर्माल्य, हे सारे म्हणजे शेवाळाला रोजचे जेवणच. उन्हाळ्यात तळे आटले की गाळ काढावा. तंतुमय शेवाळ दाताळ्याने ओढून काठापासून लांब टाकावे, नाहीतर पहिल्या पावसात ते परत पाण्यात येते. हे काम एका आठवड्याचे नाही, दोन-तीन वर्षांचे आहे, आणि ग्रामपंचायतीला नेमके तेच नको असते!

वाऱ्याने साय एका काठाला गोळा होते. त्या काठाला गुरे पाण्यावर नेऊ नयेत. पोहून आलेल्या मुलाला अंगावर खाज, डोळे लाल, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, तर स्वच्छ पाण्याने आंघोळ घालावी आणि डॉक्टरांना 'तळ्यात पोहला होता' हे आवर्जून सांगावे. हे न सांगितल्यास आम्ही बिघडलेल्या पोटाचेच औषध देत बसतो. या विषावर उतारा नाही, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, झटके आले किंवा श्वास लागला, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.

घरच्या मत्स्यालयातले हिरवे पाणी एवढे घाबरण्यासारखे नसते. पेटी उन्हात ठेवू नये, दिवा आठ तासांपेक्षा जास्त लावू नये, खाणे कमी करावे आणि आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचेही तसेच. उजेडाशिवाय शेवाळ वाढत नाही, म्हणून फुटके झाकण आजच बदलून टाका.