मुलांचा न्युमोनिया आणि श्वास मोजण्याची विद्या

धर्मादाय संस्थेच्या महोत्सवी अंकात झालेल्या कार्याचा आढावा यावा, हे योग्यच होय. परंतु असा अंक घरात वर्षानुवर्षे जपून ठेवला जातो; म्हणून त्यात घरोघरी उपयोगी पडेल असा एखादा पाठही असावा, असे आम्हांस वाटले. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. पण आजचा पाठ असा आहे की, ज्याला पन्नासापर्यंत अंक मोजता येतात व ज्याच्या घरी सेकंदकाट्याचे घड्याळ आहे, त्या प्रत्येकास तो शिकता येतो. पाठ आहे लहान मुलाचा श्वास मोजण्याचा.

न्युमोनिया म्हणजे फुप्फुसांचा संसर्ग. आपल्या फुप्फुसांत हवेच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. जंतू किंवा विषाणू तेथे शिरले की ह्या पिशव्यांत पू व पाणी भरते. मग एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळावयास हवा तेवढा मिळत नाही. शरीर ही तूट भरून काढण्यासाठी श्वासांची संख्या वाढविते. आजार आणखी वाढला, म्हणजे फुप्फुसे ताठर होतात आणि श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांखालचा, आत ओढला जाऊ लागतो. ह्या दोन खुणा डोळ्यांनी दिसतात. त्यांना ना यंत्र लागते, ना रक्ताची तपासणी.

ह्या आजाराचा पसारा केवढा आहे, तेही पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 2019 साली जगात पाच वर्षांखालील सुमारे 7 लाख 40 हजार बालके न्युमोनियाने दगावली. भागाकार केला तर दर दिवसास दोन हजारांहून अधिक, म्हणजे पाऊण मिनिटासही एक भरते. ह्यांतील बहुतेक बालके दक्षिण आशियातील व आफ्रिकेतील गरीब घरांतील होती.

औषध नव्हते म्हणून हे घडले काय? तसे म्हणता येत नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना पेनिसिलिनचा शोध 1928 साली लागला. आपल्या देशात 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. म्हणजे औषध देशातच तयार होऊ लागले. अडले ते दोन ठिकाणी. पहिले, आजार वेळेवर ओळखणे. दुसरे, ओळखल्यावर औषध त्या घरापर्यंत पोहोचणे.

नावे आणि समजुती

आजार आमच्या घरांना अपरिचित नाही. माळव्यात ‘पसली चल रही है’ असे म्हणतात. मराठी घरांत कोणी ‘पोट उडते आहे’ म्हणते, कोणी ‘डबा झाला’ म्हणते. ही नावे आमच्या आजी-नानींनी बाळाकडे नीट पाहूनच ठेवली आहेत. बरगड्यांखालची ओढ त्यांच्या नजरेस बरोबर पडली होती. दोष निरीक्षणात नाही, पुढच्या उपायात आहे. ‘पसली’ म्हटले की तो दवाखान्याचा आजार नव्हे, असे घरात ठरून जाते. मग तेलाची मालिश होते, झाडफूक होते, गंडा-ताईत होतो आणि त्यात दोन दिवस निघून जातात.

काही ठिकाणी तर ह्याहून भयंकर घडते. आमच्याच मध्य प्रदेशात, शहडोल जिल्ह्यात, 2023 च्या फेब्रुवारी महिन्यात अवघ्या काही महिन्यांच्या एका आजारी बालिकेच्या पोटावर तापलेल्या सळईने पन्नासच्या वर डाग देण्यात आले. ती वाचली नाही. ही बातमी देशभर छापली गेली. तिच्या घरच्यांस निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांनाही मूल वाचवावयाचेच होते. आजार आहे हे त्यांनी ओळखले होते. उपाय मात्र ठाऊक होता तोच केला. जेथे खरे ज्ञान व खरे औषध पोहोचत नाही, तेथे ती जागा रिकामी राहत नाही, हे ह्यावरून दिसते.

गडचिरोलीचा प्रयोग

दूरच्या खेड्यात, डॉक्टर नसताना, हे ज्ञान व औषध पोहोचविता येते काय? ह्याचे उत्तर शेजारच्या महाराष्ट्रात मिळाले. गडचिरोली हा जंगलांनी व्यापलेला जिल्हा 1982 साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले व त्यांनी ह्या जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था उभी केली.

त्यांनी 58 गावांत न्युमोनियाविषयी लोकशिक्षण सुरू केले. गावचे आरोग्यसेवक व बाळंतपण करणाऱ्या सुईणी ह्यांना आजार ओळखावयास व ठरलेले प्रतिजैविक औषध द्यावयास शिकविले. तुलनेसाठी 44 गावे निवडली. तेथे नेहमीची व्यवस्था होती तशीच चालू राहिली. ह्या प्रयोगाचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात 1990 साली प्रसिद्ध झाला.

त्यातील आकडे प्रत्येक विद्यार्थ्याने सोडवावेत असे आहेत. प्रयोगाच्या गावांत न्युमोनियाच्या 612 रुग्ण बालकांवर उपचार झाले; त्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा 0.8 होते. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण शेकडा 13.5 होते. आता त्रैराशिक मांडा. 612 चे शेकडा 0.8 म्हणजे सुमारे 5. त्याच 612 चे शेकडा 13.5 म्हणजे सुमारे 83. पाच आणि त्र्याऐंशी ह्यांमधले अंतर म्हणजे अठ्ठ्याहत्तर घरे. एक वर्षानंतर पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्युमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत 17.5, तर प्रयोगाच्या गावांत 8.1 होते. आणि वाचलेल्या प्रत्येक मुलामागे औषधाचा खर्च तीन डॉलरांहूनही कमी आला.

येथे एक अडचण होती. अनेक सुईणी निरक्षर होत्या. दहा-बारापर्यंत मोजणे त्यांच्या हातचे होते. परंतु मिनिटाला पन्नास की साठ, हे घड्याळ पाहून कसे ठरवावे? त्यासाठी एक साधे साधन तयार करण्यात आले. एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि तिच्याबरोबर मण्यांच्या ओळी, आमच्या बालवर्गातील मणीपाटीसारख्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा तांबडा मणी सरकला, तर श्वास जलद आहे असे समजावयाचे. जिने कधी पाटी हातात धरली नव्हती, ती स्त्री ह्या मण्यांच्या आधारे निदान करू लागली. आम्हां शिक्षकांना ह्यातून शिकण्यासारखे आहे. विद्यार्थ्यास जे येते तेथून धडा सुरू केला, की अवघड विद्याही त्याच्या हाती लागते.

प्रत्यक्ष पाठ

आता आपण श्वास मोजावयास शिकू. मूल शांत असावे. ते रडत असेल किंवा दूध पीत असेल तर थांबावे. झोपले असेल तर उत्तमच. अंगातील झबले वर करावे, म्हणजे छाती व पोट दिसेल. पोट एकदा वर येऊन खाली गेले, म्हणजे एक श्वास. घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये, कारण लहान मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही. संख्या जास्त आली तर एकदा पुन्हा मोजावे.

वयाप्रमाणे जलद श्वासाची मर्यादा अशी आहे :

दोन महिन्यांहून लहान बाळ : मिनिटास 60 किंवा अधिक.
दोन महिने पूर्ण ते एक वर्षाच्या आतील : 50 किंवा अधिक.
एक वर्ष पूर्ण ते पाच वर्षांच्या आतील : 40 किंवा अधिक.

आम्ही आमच्या आठवीच्या वर्गात हा प्रयोग करवून घेतो. एकदा एक मुलगी दुसऱ्या दिवशी घाबऱ्या घाबऱ्या आली. तिचे स्वतःचे श्वास 19 आणि तिच्या तीन महिन्यांच्या भावाचे 44 आले होते. बाळ आजारी असेल, असे तिला वाटले. आम्ही तिला वरील कोष्टक दाखविले. लहान बाळाचा श्वास मुळातच जलद असतो. त्याच्या वयास 50 ही मर्यादा आहे. म्हणून आपल्या बाळाचा निरोगी असतानाचा आकडा आधी माहीत असावा. मग खोकला झाल्यावर फरक चटकन ध्यानात येतो.

खोकला वा सर्दी असून श्वास मर्यादेच्या आत असेल, छाती आत ओढली जात नसेल व मूल नीट पीत-खात असेल, तर बहुधा ती साधी सर्दी होय. तिला प्रतिजैविक औषधाची गरज नसते. घरात उरलेले औषध पाजू नये; दुकानदाराला विचारून बाटली आणू नये. श्वास जलद असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. अशा न्युमोनियावर बहुधा अ‍ॅमॉक्सिसिलिन देतात. ते सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेले दिवस पूर्ण द्यावे. मूल खेळू लागले म्हणून मध्येच थांबवू नये.

पुढील खुणांपैकी एकही दिसली तर मोजत न बसता थेट रुग्णालय गाठावे : श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, मूल काहीही पिऊ न शकणे, प्रत्येक घोट उलटून पडणे, झटके येणे, मूल सुस्त किंवा बेशुद्ध होणे, ओठ निळसर दिसणे. बाळ दोन महिन्यांहून लहान असून त्याचा श्वास जलद असेल, अंग तापले वा थंडगार पडले असेल, किंवा ते दूध ओढीनासे झाले असेल, तरीही हाच नियम. 108 ह्या क्रमांकावर गाडी मागविता येते.

आजार होऊ नये म्हणून

पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे. लशी वेळेवर टोचाव्यात. पंचगुणी लस, म्हणजे पेंटाव्हॅलंट, ही सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यास देतात. न्युमोकोकल लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यास आणि पुन्हा नवव्या महिन्यात देतात. हिचा सरकारी कार्यक्रमात 2017 साली काही राज्यांत आरंभ झाला व 2021 साली ती सर्व देशासाठी लागू झाली. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर व दुसऱ्यांदा दीड वर्षाच्या सुमारास देतात. गोवरामागून न्युमोनिया येतो, हे विसरू नये. ह्या सर्व लशी सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात.

धुराविषयी दोन शब्द. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओव्याची किंवा लोबानाची धुरी देण्याची चाल हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत आहे. त्यामागे माया आहे. परंतु धूर कोणताही असो, चुलीचा, शेगडीचा, विडीचा की लोबानाचा, तो कोवळ्या फुप्फुसांस अपायच करतो. बाळाला ऊब द्यावी, धूर देऊ नये.

एक विनंती

इंदुरात रुग्णालयांची वानवा नाही. महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे, मुलांसाठी चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत वाट लांब होती; आपल्याकडे वाट जवळची असूनही उंबरठ्याशीच वेळ जातो. घरचा कर्ता पुरुष दुकानावरून परतेपर्यंत थांबू, सकाळपर्यंत पाहू, रिक्षाचे पैसे कोणाकडे मागावे, अशा विचारात रात्र सरते. आईला खूण दिसत असते, पण निर्णय तिच्या हाती नसतो.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे. आपल्या सभासदांच्या घरी मूल जन्मास आले की मुबारकबाद द्यावयास जाणाऱ्यांनी वरील तीन आकड्यांचे एक कार्ड बरोबर न्यावे व ते आईच्या हाती द्यावे. संस्थेच्या साहाय्यनिधीतील थोडी रक्कम रात्री-अपरात्री रुग्णालयात जाण्याच्या भाड्यासाठी राखून ठेवावी. आणि प्रत्येक घरच्या वडीलधाऱ्यांनी आजच सुनेस व लेकीस सांगून ठेवावे की, श्वास जलद दिसला तर कोणाच्या परवानगीची वाट न पाहता निघावे.

स्वाध्याय

1. तुमच्या घरातील सर्वांत लहान मुलाचे श्वास, ते झोपेत असताना, पूर्ण एक मिनिट मोजा व आकडा लिहून ठेवा.
2. चौदा महिन्यांच्या मुलाचे श्वास मिनिटास 46 आहेत व त्यास खोकला आहे. तुम्ही काय कराल?
3. बाळाचे लशींचे कार्ड काढा. पुढची तारीख कोणती, ती घरातील सर्वांस वाचून दाखवा.
4. ह्या पाठातील तीन आकडे ज्या शेजारणीस वाचता येत नाही, तिला ते कसे शिकवाल?