कार्यानुभव : अभ्र्यावर धाकट्याचे नाव



बालवाडीत जाणाऱ्या धाकट्या भावाबहिणीच्या वाढदिवसाला विकतची वस्तू देण्याऐवजी उशीच्या अभ्र्यावर त्याचे नाव कापडाच्या अक्षरांनी चिकटवून द्या. आपल्या वडोदऱ्यात रस्त्यावरच्या पाट्या बहुतेक गुजरातीत असतात. त्यामुळे मराठी अक्षरे लहान मुलांच्या डोळ्यांसमोर कमीच येतात. रोज झोपताना स्वतःचे नाव दिसले की त्यातली अक्षरे आपोआप ओळखीची होतात.

साहित्य : सुती अभ्रा, गडद रंगाचे सुती कापड, कागद, पेन्सिल, कात्री, सुईदोरा, इस्त्री आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारे, एका बाजूस कागद असलेले फ्युजिंग. शिवणकामाचे सामान मिळते त्या दुकानात ते विचारा.

शिरोरेषेचा उपयोग

समजा, नाव ‘गणू’ आहे. ‘ग’ आणि ‘ण’ या अक्षरांचे दोन-दोन भाग असतात. शिरोरेषा नसेल तर कापल्यावर नावाचे चार तुकडे होतील. गुजराती लिपीत शिरोरेषा नसते, म्हणून तिथे हे तुकडे एकेक करून जुळवावे लागतात. मराठीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते आणि पूर्ण नाव एकाच तुकड्यात कापता येते. म्हणून ती निदान 1 सें.मी. जाड काढा. अक्षरांची उंची 6 सें.मी. पुरते. ‘ध’, ‘भ’, ‘थ’ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते; तिथे नावाचा वेगळा तुकडा होईल. अनुस्वाराचा ठिपकाही वेगळा कापावा.

कृती

1. अभ्रा आणि कापड धुऊन वाळवा. खळ निघून जाते व कापड आटायचे ते आधीच आटते.
2. कागदावर नाव ठळक लिहा. कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा आणि दिसणारे उलटे नाव फ्युजिंगच्या कागदी बाजूवर गिरवा. ‘ग’चा काना डावीकडे आला, म्हणजे बरोबर. सरळ गिरवले तर अभ्र्यावर नाव उलटे उमटेल.
3. फ्युजिंगची खरखरीत बाजू कापडाच्या उलट बाजूवर ठेवून काही सेकंद इस्त्री दाबा. निवल्यावर रेषेवरून कापा.
4. मागचा कागद सोलून नाव अभ्र्यावर ठेवा. वर पातळ सुती फडके टाकून इस्त्री दाबून धरा, मग उचलून पुढे ठेवा. घासली तर अक्षरे सरकतात. किती सेकंद दाबायचे ते पाकिटावर दिलेले असते.
5. पूर्ण निवल्यावर कडेने काजाचा टाका घाला. वारंवार धुतल्याने गोंद सैल होतो. टाका असला की अक्षर सुटत नाही.

लक्षात ठेवा

इस्त्रीचे काम आई-बाबा किंवा ताई-दादांच्या हातून करून घ्या. कपड्याच्या आतल्या पट्टीवर इस्त्रीचे चित्र असते. त्यात एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, दोन म्हणजे मध्यम आणि तीन म्हणजे जास्त. सुती कापड जास्त उष्णता सोसते; नायलॉन वितळते, ते घेऊ नका. लहान मुले तोंडात घालतात म्हणून मणी, टिकल्या, बटणे लावू नका.

शाळेच्या पिशवीवर मात्र नाव आतल्या बाजूला लावा. बाहेर नाव दिसले, तर अनोळखी माणूसही मुलाला नावाने हाक मारू शकतो आणि मूल त्याला ओळखीचा समजते. बाहेर फूल, पतंग असे चित्र पुरे.

स्वाध्याय

1. स्वतःचे नाव कागदावर जाड लिहून कापा. किती तुकडे झाले? का?
2. तेच नाव गुजरातीत लिहून कापा आणि तुकडे मोजा.
3. वर्गातल्या कोणाचे नाव एकाच तुकड्यात कापले जाते, ते शोधून वहीत लिहा.