पोर्टफोलिओची सुरुवात फराहबागेतून

प्रश्न : बी.आर्क. संपत आले आहे. लँडस्केप आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचा आहे. माझी जलरंगातली चित्रे पोर्टफोलिओत चालतील का? (एक वाचक, भिंगार)

उत्तर : चालतील. पण नुसत्या देखण्या चित्रांवर निवड समिती फार वेळ रेंगाळत नाही. अर्जदाराला जमीन आणि पाणी वाचता येते का, हे तिला पाहायचे असते.

भिंगारकराला त्यासाठी लांब जायला नको. १५८३ मध्ये पूर्ण झालेला निजामशाहीतला फराहबाग महाल तलावाच्या मधोमध उभारला गेला. त्या काळी शेजारच्या अहमदनगरला खापरी नळांनी पाणी येई. पर्जन्यछायेतल्या या मुलखात एवढे पाणी कुठून आणले, उतार कसा साधला, तलाव आटला की तिथे काय उगवते? एक नकाशा, एक छेद आणि उन्हाळा-पावसाळ्यातले तेच दृश्य. जलरंग खरे कामी येतात ते इथे. (महाल लष्करी छावणीच्या हद्दीत असल्याने कॅमेरा काढण्याआधी परवानगी घेतलेली बरी!)

चार-पाच प्रकल्प पुरेत. गटाने केलेल्या कामात अर्जदाराने स्वतःचा वाटा स्पष्ट लिहावा.

अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ पोर्टफोलिओ पाहते. पुण्याच्या बीएनसीएसारख्या महाविद्यालयांचे प्रवेश मात्र राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात आणि तिथे गेटच्या गुणांना वजन असते. हार्वर्डमध्ये वास्तुकलेची पदवी नसलेल्यांसाठीही वेगळा अभ्यासक्रम आहे. जमल्यास मोहम्मद शाहीर यांनी आखलेली दिल्लीची सुंदर नर्सरी अर्जाआधी पाहून यावी. पानांची आणि फाइलच्या आकाराची मर्यादा संस्थेगणिक बदलते, ती आधीच तपासावी.