पैठण कसें पहावें ?

(सहलीस निघणाऱ्या विद्यार्थ्यांकरितां एक पाठ)

शाळेची सहल ठरली म्हणजे विद्यार्थ्यांच्या उत्साहास भरतें येतें. शिदोरी काय न्यावी, गाडींत कोणाशेजारीं बसावें, कोणतीं गाणीं म्हणावीं, याची चर्चा आठ दिवस आधींपासून सुरू होते. ज्या गांवीं जावयाचें त्या गांवाविषयीं मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. परिणाम असा होतो कीं, मुलें देऊळ पाहून येतात, बाजारांतून खेळणें घेऊन येतात, आणि दुसऱ्या दिवशीं "काय पाहिलें ?" असें वडिलांनीं विचारल्यास "पुष्कळ पाहिलें" एवढेंच उत्तर देतात. पुष्कळ पाहणें आणि नीट पाहणें यांत मोठा फरक आहे. तो फरक कोणता, हें आपल्या छत्रपती संभाजीनगराच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर असलेल्या पैठणाच्या निमित्तानें येथें सांगावयाचें आहे.

निघण्यापूर्वीं

प्रथम नकाशा उघडावा. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावलेली गोदावरी नासिकावरून पूर्वेकडे वाहत येते. तिच्या उत्तर तीरावर पैठण वसलेलें आहे. २०११ च्या जनगणनेच्या वेळीं तेथील वस्ती ४० हजारांहून थोडीच अधिक होती. एवढेंसें गांव एके काळीं सातवाहन राजांची राजधानी 'प्रतिष्ठान' म्हणून सर्व भारतांत गाजलें, तें कां ? याचें उत्तर नकाशांतच आहे. येथून एक वाट पश्चिमेस जुन्नराकडे जाई व नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपारा या बंदरांस पोंचे. दुसरी उत्तरेस भडोचाकडे जाई. बारमाही पाणी, काळी सुपीक जमीन आणि हमरस्ते जेथें एकत्र येतात तेथें नगर वाढावें, यांत नवल तें काय ?

हा केवळ तर्क नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें समुद्रमार्गाचें वर्णन करणारें 'पेरिप्लस' नांवाचें पुस्तक लिहिलें. भडोचाहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे व तेथून मौल्यवान् दगड गाड्यांत भरून बंदरास येतात, असें तो सांगतो. दुसऱ्या शतकांतील टॉलेमी या भूगोलवेत्त्यानेंहि पैठणाचा उल्लेख राजधानी म्हणून केला आहे. कन्नडाजवळच्या पितळखोरें येथील लेण्यांतील खांबांवर, पैठणच्या एका सुगंधी द्रव्यें विकणाऱ्याच्या दानाचा लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या गंध्याचें दुकान उरलें नाहीं. पण त्यानें दिलेला खांब त्याच्या गांवाचें नांव अजून सांगत आहे.

वहीचे तीन रकाने

सहलीस जातांना प्रत्येकानें एक वही घ्यावी व तिच्या पानावर तीन रकाने आंखावेत. पहिल्याचें नांव 'लेख', दुसऱ्याचें 'भूमि', तिसऱ्याचें 'परंपरा'. जी गोष्ट जुन्या ग्रंथांत, शिलालेखांत वा नाण्यांवर लिहिलेली सांपडते, ती पहिल्या रकान्यांत; जी जमिनींतून निघाली, ती दुसऱ्यांत; आणि जी लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले, ती तिसऱ्यांत लिहावी.

उदाहरण घेऊं. पैठणास शालिवाहन राजानें मातीच्या सैनिकांत प्राण फुंकून शत्रूचा पराभव केला व आपला शक सुरू केला, अशी कथा आपण घरीं ऐकतों. ती तिसऱ्या रकान्यांत जाईल. इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा शक प्राचीन लेखांत दिसतो, ही गोष्ट पहिल्या रकान्याची. परंतु त्या जुन्या लेखांत शालिवाहनाचें नांव नाहीं. तें पुष्कळ शतकांनंतरच्या लेखांतून जोडलेलें आढळतें. मग कथा खोटी म्हणून टाकून द्यावी काय ? मुळींच नाहीं. आपल्या देशाच्या मध्यभागीं एक बलाढ्य राजकुल होऊन गेलें, ही स्मृति लोकांनीं कथेच्या रूपानें जपली. भारत सरकारनें २२ मार्च १९५७ पासून जें राष्ट्रीय पंचांग चालू केलें, त्याची वर्षगणनाहि याच शकाची आहे. कथेस कथा म्हणून मान द्यावा, लेखास लेख म्हणून. दोहोंची गल्लत मात्र करूं नये.

नदीकांठ आणि पांढरी

पैठणास पोंचल्यावर प्रथम नदीवर जावें. नागघाटावर उभे राहिल्यास ज्ञानेश्वरांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. संन्याशाचीं मुलें म्हणून वाळींत टाकलेलीं हीं चार भावंडें शुद्धिपत्र मागण्यास पैठणच्या पंडितांकडे आलीं, आणि येथेंच ज्ञानेश्वरांनीं रेड्यामुखीं वेद वदविले, असें परंपरा सांगते. वहींत ही कथा तिसऱ्या रकान्यांत लिहितांना तिचा अर्थहि लिहावा: ज्यांस विद्येचा अधिकार नाकारण्यांत आला, त्यांच्या बाजूनें लोकांच्या मनानें दिलेला तो निकाल आहे.

घाटापासून जवळच गांवाची जुनी पांढरी आहे. पांढरी म्हणजे शेंकडों वर्षें घरें पडत गेलीं, त्यांवर नवीं बांधलीं गेलीं, आणि अशा रीतीनें मातीचें टेकाड उंच होत गेलें ती जागा. पावसानंतर तेथें खापरांचे तुकडे, कधीं एखादा मणी उघडा पडलेला दिसतो. हैदराबाद संस्थानाच्या काळांत १९३७ मध्यें, भारतीय पुरातत्त्व खात्याकडून १९६५-६६ मध्यें, आणि भारतीय व ब्रिटिश संशोधकांकडून १९९६ ते १९९९ या वर्षांत येथें उत्खननें झालीं. शेवटच्या उत्खननांत नागघाटाजवळ विटांच्या प्राचीन मंदिरांचे अवशेष मिळाले.

येथें विद्यार्थ्यांस एक कळकळीची सूचना करावयाची आहे. सांपडलेलें खापर वा मणी खिशांत घालून आणूं नये. कोणी म्हणेल, एवढ्याशा तुकड्यानें काय बिघडतें ? बिघडतें तें असें. मातीचे थर पुस्तकाच्या पानांप्रमाणें एकावर एक असतात; खालचा थर आधींचा, वरचा नंतरचा. कोणता तुकडा कोणत्या थरांत, कोणत्या वस्तूंशेजारीं पडला होता, यावरूनच त्याचा काळ ठरतो. जागेवरून उचललेला मणी म्हणजे पुस्तकांतून फाडलेलें अक्षर होय. तें सुंदर दिसेल, पण वाचतां येणार नाहीं. संरक्षित स्थळीं परवानगीवांचून खोदण्यास १९५८ च्या कायद्यानें मनाई आहे. परंतु कायद्यापेक्षां आपली समजूतच त्या टेकाडाचें अधिक रक्षण करील. वस्तु जेथें आहे तेथेंच ठेवावी, तिचें चित्र वहींत काढावें आणि शिक्षकांस दाखवावें.

नाथांचा वाडा

गांवांत संत एकनाथांचा वाडा आहे, आणि नदीकांठीं त्यांची समाधि. एकनाथांचा काळ परंपरेनें १५३३ ते १५९९ मानतात. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींजवळ त्यांनीं विद्या घेतली. त्यांचा भागवतावरील ग्रंथ १५७३ मध्यें काशींत पूर्ण झाला. जो अर्थ संस्कृतांत बंद होता तो त्यांनीं मराठींत सर्वांस मोकळा केला. भारुडांतून त्यांनीं जोशी, वासुदेव, गोंधळी अशा नाना जणांच्या तोंडून उपदेश करविला. तहानेनें तडफडणाऱ्या गाढवास त्यांनीं काशीहून आणलेलें गंगाजल पाजलें, आणि उन्हांत तापलेल्या वाळवंटांत रडणारें अस्पृश्य मानलेल्या घरचें मूल कडेवर उचलून त्याच्या घरीं पोंचविलें, या गोष्टी मराठी मुलांस कोणी शिकवाव्या लागत नाहींत.

परंतु त्यांच्या एका कामाकडे विद्यार्थ्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. ज्ञानेश्वरी रचून होऊन तीन शतकें लोटत आलीं होतीं. नकलांवर नकला होतां होतां तींत चुकीचे पाठ शिरले होते. एकनाथांनीं निरनिराळ्या प्रती मिळवून, त्या ताडून, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्यें शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तींत पुन्हां कोणी आपल्या पदरचें घालूं नये अशी ताकीदहि देऊन ठेविली. स्वतः मोठा कवि असून दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा राखण्यासाठीं त्यांनीं एवढे श्रम घेतले. पांढरीवरचा मणी जागचा न हलविणें आणि ग्रंथांतील शब्द जागचा न हलविणें, हीं एकाच वृत्तीचीं दोन रूपें नव्हेत काय ?

फाल्गुन वद्य षष्ठीस येथें मोठी यात्रा भरते व ठिकठिकाणांहून दिंड्या येतात. माणसांचा मेळा पाहणें असल्यास त्या वेळीं जावें. वही भरणें असल्यास मार्गशीर्ष वा पौष बरा.

मागावर

दुपारीं विणकरांकडे जावें. पैठणीचें नांव ऐकिलें नाहीं असें मराठी घर विरळा. परंतु ती विणतांना पाहिलेलीं मुलें थोडीं. हातमागावर उभे धागे म्हणजे ताणा ताणलेला असतो. त्यांतून आडवा बाणा धोट्यानें जातो. काठ आणि पदर यांची नक्षी मात्र धोट्यानें होत नाहीं. प्रत्येक रंगाच्या रेशमाची निराळी लहानशी कांडी घेऊन विणकर एकेक धागा मोजून बोटांनीं गुंफतो, आणि जेथें एक रंग संपून दुसरा सुरू होतो तेथें ते दोन धागे परस्परांत अडकवितो. म्हणूनच खऱ्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर मोरच दिसतो. मागें सुटे धागे लोंबत नाहींत. दाट नक्षीच्या पदरावर दिवसभरांत काम कांहीं बोटेंच पुढें सरकतें. साध्या पैठणीस महिना-दीड महिना, तर भरगच्च नक्षीच्या पैठणीस वर्षाहूनहि अधिक काळ लागतो. या वस्त्रास भौगोलिक निर्देशनाचें संरक्षण २०१० मध्यें मिळालें. त्यांत पैठणाबरोबर येवल्याचेंहि नांव आहे.

विणकराशीं बोलतांना नम्रपणें बोलावें व आधीं परवानगी घ्यावी. "ही केवढ्यास ?" हा प्रश्न सर्वच विचारतात. विद्यार्थ्यांनीं विचारावें, "दादा, हा मोर पुरा करण्यास किती दिवस लागले ? आपण हें कोणाजवळ शिकलां ? आपलीं मुलें हें शिकतात काय ?" शेवटच्या प्रश्नाचें उत्तर विशेष लक्षपूर्वक ऐकावें. यंत्रमागावर झटपट निघणारें स्वस्त कापड पैठणीच्याच नांवानें विकलें जातें, तेव्हां हाताच्या कामाचें मोल उतरतें. आणि घरच्या मुलांनीं माग सोडला म्हणजे तें कौशल्य कोणत्याहि संग्रहालयांत ठेवून वाचत नाहीं.

धरणावर

दिवस कलतां कलतां धरणाकडे वळावें. हें धरण मूळ बीड जिल्ह्यांतील जायकवाडी गांवाजवळ व्हावयाचें होतें. पुढें जागा बदलून पैठण ठरलें, पण नांव तेंच राहिलें. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें पायाभरणी झाली, व १९७६ च्या फेब्रुवारींत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. धरण जवळजवळ १० किलोमीटर लांब असून त्यास २७ दरवाजे आहेत. मागील जलाशयास एकनाथांच्या नांवावरून 'नाथसागर' म्हणतात. डावा कालवा सुमारें २०८ व उजवा सुमारें १३२ किलोमीटर लांब जाऊन मराठवाड्याच्या शेतांस पाणी देतो. १९८६ मध्यें हा परिसर पक्षी अभयारण्य ठरला. हिवाळ्यांत येथें रोहित, चक्रवाक इत्यादि पाहुणे उतरतात.

हें सर्व पाहून आनंद होईल. पण तेथेंच थांबूं नये. या पाण्याखालीं अनेक गांवें गेलीं. कोणाचें शेत, कोणाचें देऊळ, कोणाचा आड, कोणाच्या आईवडिलांनीं लावलेलें आंब्याचें झाड तेथें होतें. तीं कुटुंबें उठून दुसरीकडे गेलीं, आणि नव्या जागीं पुन्हां पहिल्यापासून संसार मांडूं लागलीं. धरणाखालच्या गांवांसहि पाण्याचें भय आहेच; ऑगस्ट २००६ मध्यें दरवाजांतून मोठा विसर्ग करावा लागला तेव्हां खुद्द पैठणांत पूर शिरला होता. आणि ज्या पाण्यानें आपण संभाजीनगरांत सकाळीं तोंड धुतों, जें आपल्या शाळेच्या माठांत भरलेलें असतें, तें नाथसागराचेंच असतें. तेव्हां नळ उघडा टाकून जाणाऱ्या विद्यार्थ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, हें पाणी कोणाच्या तरी अंगणावरून आलें आहे. पैठणास जाऊन एवढी एक गोष्ट मनांत ठसली तरी सहलीचा खर्च वसूल झाला असें समजावें.

परत आल्यावर

त्याच रात्रीं वही घेऊन बसावें आणि आईवडिलांस तीन्ही रकाने वाचून दाखवावेत. पुष्कळदां असें होतें कीं, तिसऱ्या रकान्यांत घालण्याजोगी एखादी नवी गोष्ट घरांतील आजीच सांगते. पालकांसहि विनंति आहे कीं, त्यांनीं "काय आणलेंस ?" असें न विचारतां "काय पाहिलेंस ?" असें विचारावें. प्रश्न बदलला म्हणजे पुढच्या सहलींत मुलाचे डोळेहि निराळें पाहूं लागतील.

अभ्यास

१. पैठण राजधानी होण्याचीं भौगोलिक कारणें नकाशाच्या आधारें सांगा.
२. मातीच्या थरांतून वस्तूचा काळ कसा ठरतो ? वस्तु हलविल्यास काय हानि होते ?
३. एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत कशी सिद्ध केली ?
४. आपल्या घरांतील जुनी पैठणी वा हातमागाचें लुगडें आईच्या परवानगीनें उलटसुलट पाहून दोन्ही बाजूंचें वर्णन लिहा.
५. आपल्या घरीं एका दिवसांत किती हंडे पाणी लागतें व त्यांतील किती वांचवितां येईल, याचा आठ दिवसांचा तक्ता करा.