शिक्षा झाली तर अपील कसे करावे?

बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेट पतसंस्थेच्या ठेवींच्या प्रकरणात ईडीने २०२४ मध्ये मनी लाँडरिंग कायद्याखाली कारवाई करून मालमत्तांवर टाच आणली, तेव्हा या कायद्याचे नाव आपल्या बाजारपेठेत घरोघरी पोहोचले. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. पण शिक्षा झालीच तर पुढचा मार्ग कोणता, हे व्यापारी व कारागीर बांधवांना माहीत असावे.

सदर कायदा २००२ चा असून १ जुलै २००५ पासून लागू आहे. गुन्ह्यातून आलेला पैसा लपविणे, बाळगणे, वापरणे किंवा तो सरळ कमाईचा म्हणून दाखविणे हा गुन्हा होय. शिक्षा ३ ते ७ वर्षे सक्तमजुरी व दंड. अमली पदार्थांच्या प्रकरणात १० वर्षांपर्यंत.

अपील कोठे? विशेष न्यायालयाच्या निकालावर थेट उच्च न्यायालयात. मुदत ६० दिवसांची. निकालाची नक्कल मिळण्यास लागणारे दिवस त्यातून वजा होतात. कैदेची शिक्षा झालेल्यास निकालाची प्रत मोफत मिळते. आरोपी तुरुंगात असेल तर तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठविता येते. कैदेतील माणसास विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो.

अपील दाखल केले म्हणजे शिक्षा आपोआप थांबत नाही. त्यासाठी शिक्षेस स्थगिती व जामीन मिळावा, असा वेगळा अर्ज द्यावा लागतो. पूर्वी तो फौजदारी संहितेच्या कलम ३८९ खाली होई. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३० आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. हा गुन्हा एकटा उभा राहत नाही. फसवणुकीसारखा मूळ गुन्हा त्याच्या पायाशी लागतो. त्या मूळ गुन्ह्यातून आरोपी निर्दोष सुटला तर त्याच्यावर मनी लाँडरिंगचा गुन्हा टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ जुलै २०२२ च्या निकालात म्हटले आहे. म्हणून दोन्ही खटले सारख्याच काळजीने लढवावेत.

मालमत्तेची वाट निराळी. टाच कायम झाल्यास ४५ दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जावे लागते. शिक्षेच्या अपिलाची वाट पाहत ही मुदत घालवू नये.

अपिलात बहुधा नवा पुरावा नव्हे, जुनेच कागद पुन्हा तपासले जातात. तेव्हा बिले, रोजमेळ, बँकेचे उतारे पहिल्याच न्यायालयात हजर करावेत. आणि कमिशनच्या लोभाने आपले खाते दुसऱ्याच्या पैशासाठी कधीही देऊ नये.